चुंबकाला आत घेताना

अतिसंवाहक क्वांटम संगणक बांधणारी मंडळी चुंबकाला फार जपून असतात. त्यांच्या यंत्राचा गाभा म्हणजे सिलिकनच्या किंवा नीलमण्याच्या चकतीवर चढवलेले ॲल्युमिनियमचे आणि नायोबियमचे पातळ थर. ॲल्युमिनियम परमशून्याच्या जवळ नेले की त्यातून वीज विनाविरोध वाहते, पण सुमारे १० मिलिटेस्लाचे चुंबकीय क्षेत्र लागले की ही अवस्था मोडते. घरातल्या स्पीकरमधल्या चुंबकाचे क्षेत्र याहून कितीतरी मोठे असते. म्हणून क्युबिटची, म्हणजे क्वांटम बिटची, चिप म्यू-मेटल नावाच्या निकेलबहुल मिश्रधातूच्या डब्यात बंद करतात. पृथ्वीचे चाळीस-पन्नास मायक्रोटेस्लाचे क्षेत्रसुद्धा तिच्यापर्यंत पोचू देत नाहीत. आतले स्क्रू निवडतानाही धातू अचुंबकीय आहे ना, हे तपासून घेतात.

असे असूनही त्याच शीतकपाटात, चिपपासून हातभर अंतरावर, तळहातावर मावतील असे धातूचे डबे ओळीने बसवलेले दिसतात. त्या प्रत्येकात फेराइट या लोहयुक्त चुंबकीय पदार्थाची चकती असते आणि तिला चिकटून एक कायमचुंबक. या डब्यांना सर्क्युलेटर आणि आयसोलेटर म्हणतात. ते काढून टाकले तर आजचे बहुतेक अतिसंवाहक क्वांटम संगणक चालणार नाहीत.

क्युबिट वाचायचा म्हणजे त्याच्याजवळून मायक्रोवेव्हचा अगदी क्षीण संकेत पाठवायचा आणि तो परत येताना त्याच्यात काय बदल झाला ते पाहायचे. हा संकेत मोजक्या फोटॉनांचा असतो, आणि ५ गिगाहर्ट्‌झच्या एका फोटॉनची ऊर्जा ३.३ × १०⁻²⁴ ज्यूल इतकी सूक्ष्म. तो वाचायला प्रवर्धक हवा. तो ४ केल्विनला बसवलेला असतो आणि क्युबिट असतो १०-२० मिलिकेल्विनला. ४ केल्विन आपल्याला अतिथंड वाटेल, पण क्युबिटच्या दृष्टीने ती भट्टीच आहे. तिथली उष्णता गोंगाट होऊन तारेवरून उलटी खाली येते आणि क्युबिटची नाजूक अवस्था विस्कटते. म्हणजे संकेताला वर जायची मुभा हवी आणि गोंगाटाला खाली यायला बंदी. साधी तार असा भेद करत नाही. धारित्र, वेटोळे, रोधक यांची कोणतीही जुळणी केली तरी ज्या सुलभतेने तरंग एका दिशेने जातो त्याच सुलभतेने तो उलट दिशेने येतो.

चुंबक मात्र हा भेद करतो. इलेक्ट्रॉनला स्पिन नावाचा अंगभूत गुण असतो आणि त्यामुळे प्रत्येक इलेक्ट्रॉन एक सूक्ष्म चुंबक असतो. बाहेरचे क्षेत्र लावले की हा स्पिन क्षेत्राच्या दिशेभोवती फिरत राहतो. या फिरण्याला परांचन म्हणतात. ते नेहमी एकाच बाजूने होते, उलट फिरण्याचा पर्याय त्याला नसतो. फेराइटमधून जाणाऱ्या मायक्रोवेव्हचे क्षेत्र त्याच बाजूने फिरत असेल तर स्पिन तिला प्रतिसाद देतात, उलट फिरत असेल तर ती त्यांच्याजवळून जवळजवळ अस्पर्शित निघून जाते. या एकेरीपणाचा पहिला धागा १८४५ मध्ये मायकेल फॅराडेच्या हाती लागला होता. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या जड काचेतून प्रकाश गेला की त्याच्या ध्रुवणाची पातळी वळते, असे त्याला दिसले. मायक्रोवेव्हसाठी हेच तत्त्व फेराइट वापरून बेल प्रयोगशाळेतल्या सी. एल. होगन यांनी १९५२ मध्ये प्रत्यक्षात आणले. त्यांचा विचार तेव्हा दूरसंचाराचा होता.

अडचण या डब्यांच्या आकाराची आहे. एकेका वाचन-तारेवर दोन-तीन डबे लागतात. शंभर क्युबिटांपर्यंत ते कसेबसे बसवता येतात. दहा हजार क्युबिट करायचे तर शीतकपाटात डब्यांनाच जागा पुरणार नाही. म्हणून चुंबकाचा हा एकेरीपणा थेट चिपवर उतरवता येईल का, हा एक प्रश्न झाला. त्याच्यामागे आणखी मोठा प्रश्न उभा आहे आणि गेली दहा-बारा वर्षे माझ्यासारख्या वाचकाला खिळवून ठेवले आहे ते त्यानेच. चुंबकाला दारावर न थांबवता थेट गणनेच्या कामात घेता येईल का? चुंबकाच्या आतल्या हालचालीवरच क्वांटम माहिती लिहिता, वाचता, पाठवता येईल का?

संगणकाला चुंबक नवा नाही. १९५० आणि ६० च्या दशकांत संगणकांची स्मृती म्हणजे तारांच्या जाळीत ओवलेली फेराइटची बारीक कडी असत. कड्याचे चुंबकत्व एका बाजूने वळलेले असेल तर शून्य, दुसऱ्या बाजूने असेल तर एक. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेल्या ‘टीआयएफआरएसी’ या भारतीय संगणकातही हीच फेराइट-कड्यांची स्मृती होती. त्याच काळात हार्ड डिस्कही आली. तिच्यात कड्यांऐवजी चुंबकीय थर होता आणि एकेका बिटाचा आकार झपाट्याने आक्रसत गेला. या सगळ्यांत माहिती होती ती चुंबकाच्या दिशेत. क्वांटम प्रयोगांत चुंबकाची दिशा बदलतच नाहीत. बाहेरचे क्षेत्र लावून ती पक्की धरून ठेवतात आणि त्या दिशेभोवती स्पिनांचे जे अतिशय सूक्ष्म डोलणे होते त्यात माहिती ठेवतात.

हे डोलणे काय असते ते १९३० मध्ये फेलिक्स ब्लॉख यांनी सांगितले. चुंबकात शेजारशेजारचे स्पिन एकमेकांना समांतर राहू पाहतात. त्यातला एक स्पिन पूर्ण उलटा करायला बरीच ऊर्जा लागते. पण तेवढेच विचलन लाखो स्पिनांत वाटून टाकले, प्रत्येकाने किंचित कलायचे आणि शेजाऱ्याने जरा मागून कलायचे असे झाले, तर फार थोड्या ऊर्जेत काम भागते. ज्वारीच्या उभ्या पिकावरून वारा गेला की ताटे आपल्या जागीच असतात आणि कलणे तेवढे बांधापर्यंत धावत जाते, तसे हे स्पिन-तरंग चुंबकातून धावतात. क्वांटम सिद्धांताप्रमाणे हे डोलणे हवे तितके लहान करता येत नाही. त्याचे सर्वांत लहान पाऊल म्हणजे एक मॅग्नॉन. एका मॅग्नॉनमध्ये सगळ्या चुंबकाचे मिळून एकाच स्पिनाएवढे विचलन असते, आणि ते कोणत्या एका इलेक्ट्रॉनचे असे सांगता येत नाही. ते सर्वांचे असते.

वीजप्रवाहाशी तुलना केली तर मॅग्नॉनचे महत्त्व चटकन कळते. मॅग्नॉन माहिती वाहून नेतो तेव्हा एकही इलेक्ट्रॉन जागचा हलत नाही, त्यामुळे विद्युतरोधातून निर्माण होणारी उष्णता नाही. विद्युतरोधक पदार्थातूनही तो सुखेनैव जातो. त्याची वारंवारता बाहेरच्या क्षेत्राने ठरते, दर टेस्लाला सुमारे २८ गिगाहर्ट्‌झ. अतिसंवाहक क्युबिट साधारण ४ ते ८ गिगाहर्ट्‌झवर चालतात, म्हणजे एका टेस्लाच्या सातव्या हिश्श्यापासून पावाहून किंचित अधिक एवढ्या क्षेत्रात चुंबक आणि क्युबिट एकाच सुरावर येतात. हे क्षेत्र देणाऱ्या वेटोळ्यातला प्रवाह थोडा बदलला की चुंबकाचा सूर हवा तसा वरखाली करता येतो.

पण सगळेच चुंबक या कामाचे नाहीत. लोखंडात डोलणे सुरू झाले की त्याची ऊर्जा वाहक इलेक्ट्रॉनांत झपाट्याने झिरपून जाते. इथे ज्या पदार्थाने बाजी मारली त्याचे नाव यट्रियम आयर्न गार्नेट, प्रयोगशाळेतल्या बोलीत ‘यिग’. आपल्याकडे अंगठीत घालतात तो गोमेदही गार्नेट कुळातलाच, स्फटिकरचना त्याच घाटाची. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे बेर्तो आणि फोरा यांनी १९५६ मध्ये हा फेरिचुंबकीय गार्नेट जगापुढे ठेवला. त्यात यट्रियम, लोह आणि ऑक्सिजन असतात. यट्रियम चुंबकीयदृष्ट्या निष्क्रिय. लोहाच्या अणूंचे दोन गट परस्परविरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले असतात. एका गटात तीन, दुसऱ्यात दोन, त्यामुळे शिल्लक चुंबकत्व उरते. अशा प्रकारच्या चुंबकत्वाचा उलगडा लुई नेएल यांनी १९४८ मध्ये केला होता आणि १९७० मध्ये त्यांना नोबेल मिळाले ते अशाच कामासाठी.

यिगमधले डोलणे इतके टिकाऊ का, याचे कारण मला फार सुंदर वाटते. त्यातल्या लोहाच्या आयनाने आपले पाच इलेक्ट्रॉन पाच कक्षकांत एकेक करून मांडलेले असतात. कवच बरोबर निम्मे भरलेले. अशा मांडणीत कक्षीय कोनीय संवेग शून्य होतो, आणि स्पिनाला स्फटिकाच्या कंपनांशी जोडणारा मुख्य दुवाच नाहीसा होतो. स्पिन डोलतात, पण आजूबाजूच्या जाळीला त्याचा पत्ता लागत नाही, आणि ऊर्जा गळून जायला वाट उरत नाही. शिवाय पदार्थ विद्युतरोधक असल्यामुळे वाहक इलेक्ट्रॉनही नाहीत.

प्रयोगांत यिगचा वापर बहुधा गोळीच्या रूपात होतो. मोहरीच्या दाण्याहून लहान, अर्धा किंवा एक मिलिमीटर व्यासाची, आरशासारखी चकाकणारी गोळी. असल्या गोळ्या दशकानुदशके रडार आणि मापनयंत्रांच्या फिल्टरांत वापरल्या जात आहेत. स्फटिकाचे लहान घन खरखरीत अस्तराच्या गोल भांड्यात हवेच्या झोताने फिरवत ठेवतात आणि कोपरे झिजून गोल होतात. गोलाकार निवडण्यामागे नेमके कारण आहे. गोलाच्या आतले चुंबकीय क्षेत्र सर्वत्र सारखे असते, त्यामुळे सगळे स्पिन एकाच लयीत डोलतात आणि वारंवारता स्वच्छ, एकच एक मिळते.

अर्ध्या मिलिमीटरच्या गोळीत एकावर अठरा शून्ये एवढे स्पिन असतात. एकट्या स्पिनाची मायक्रोवेव्ह फोटॉनशी असलेली जोडणी इतकी दुबळी असते की ती हर्ट्‌झच्या शतांशांत मोजावी लागते. त्या दोघांत ऊर्जेची एक देवघेव व्हायला कित्येक सेकंद लागतील, आणि तोवर फोटॉन केव्हाच नाहीसा झालेला असेल. पण सगळे स्पिन एका लयीत डोलत असतील तर ही जोडणी स्पिनसंख्येच्या वर्गमुळाइतकी वाढते. एकावर अठरा शून्यांचे वर्गमूळ एकावर नऊ शून्ये. म्हणजे शंभर कोटी पट. हर्ट्‌झच्या शतांशांचे थेट कोट्यवधी हर्ट्‌झ होतात. अणूंचा हा समुदाय एकेकट्याने जे कधीही करू शकला नसता ते एकत्र येऊन सहज करतो, आणि या सगळ्या क्षेत्राचा पाया मला तरी इथेच दिसतो.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले सोयकल आणि फ्लाते यांनी २०१० मध्ये ही बलवान जोडणी शक्य असल्याचे गणिताने दाखवले. २०१३ मध्ये म्युनिकजवळच्या गार्चिंग इथल्या हान्स ह्युब्ल यांच्या गटाने ती अतिसंवाहक पट्टीवर ठेवलेल्या गार्नेटमध्ये पाहिली. २०१४ हे वर्ष तर गर्दीचेच झाले. टोकियो, येल आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठ, तिन्ही ठिकाणी तांब्याच्या किंवा तत्सम धातूच्या पेटीत यिगची गोळी ठेवून असेच निष्कर्ष निघाले. टोकियोच्या प्रयोगात जोडणीचा आकडा ४७ मेगाहर्ट्‌झ होता. याचा अर्थ, पेटीतल्या फोटॉनची ऊर्जा सुमारे पाच नॅनोसेकंदांत गोळीत जाऊन मॅग्नॉन होते, पुढच्या पाचांत परत फोटॉन. मॅग्नॉन आणि फोटॉन विझण्याआधी ही फेरी कितीतरी वेळा होते.

टोकियोच्या गटाचे प्रमुख होते यासुनोबु नाकामुरा. १९९९ मध्ये अतिसंवाहक वीजमंडलात क्वांटम दोलन दाखवून या सबंध शाखेला चालना देणाऱ्यांपैकी ते एक. अतिसंवाहक क्युबिट ज्यांना हाताच्या रेषांइतके ठाऊक, त्यांनीच त्याच्या शेजारी चुंबक आणून बसवला. २०१५ मध्ये युताका ताबुची, नाकामुरा आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात हा प्रयोग प्रसिद्ध केला. पेटी तांब्याची, कारण अतिसंवाहक पेटी चुंबकीय क्षेत्र आत येऊच देणार नाही. तिच्या एका बाजूला यिगची गोळी, दुसऱ्या बाजूला काही सेंटिमीटरांवर क्युबिट. चुंबकीय क्षेत्र फक्त गोळीपाशी राहील अशी मांडणी. सगळे १० मिलिकेल्विनच्या आसपास थंड केलेले.

इतकी थंडी हवीच असते. ८ गिगाहर्ट्‌झच्या मॅग्नॉनची ऊर्जा तापमानाच्या भाषेत ०.४ केल्विनहून किंचित कमी भरते. खोलीच्या तापमानाला गोळीच्या त्या एका लयीतच सरासरी पावणेआठशे मॅग्नॉन उष्णतेने आपोआप जागे असतात. त्यात आपण घातलेला एखादा मॅग्नॉन ओळखू येणे अशक्य. द्रवरूप हीलियमच्या तापमानालाही दहाएक शिल्लक राहतात. १० मिलिकेल्विनला मात्र गोळी खरोखरच शांत होते. मॅग्नॉनांची सरासरी संख्या व्यवहारात शून्य.

गोळी आणि क्युबिट एकमेकांना थेट जाणत नाहीत. पेटीतला मायक्रोवेव्ह कंप दोघांनाही जाणतो, आणि त्याचा सूर या दोघांच्या सुरापासून मुद्दाम थोडा दूर ठेवलेला असतो. पेटीत प्रत्यक्ष फोटॉन निर्माण न होता केवळ त्याच्या संभाव्यतेतून दोघांची देवघेव चालते. वेटोळ्यातला प्रवाह बदलून गोळीचा सूर क्युबिटच्या सुराकडे नेला, तेव्हा दोन सूर एकमेकांना छेदून पुढे गेले नाहीत. जवळ येऊन ते दुभंगले आणि दूर झाले. हा दुभंग म्हणजे दोघे मिळून एकच क्वांटम वस्तू झाल्याची खूण. नुसत्या डोळ्यांनी दिसणारा, चिमटीत धरता येणारा चुंबकाचा कण आणि एक अतिसंवाहक वीजमंडल एकाच क्वांटमची वाटणी करत होते.

पुढचे पाऊल मोजणीचे. नाकामुरांच्याच गटात दानी लाशाँस-किरियों आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की गोळीत शून्य, एक, दोन, तीन मॅग्नॉन असतील तसतसा क्युबिटचा सूर पायरीपायरीने सरकतो. वर्णपटात प्रत्येक संख्येचे वेगळे शिखर दिसते. १०¹⁸ स्पिनांच्या समुदायात एकाच स्पिनाएवढे विचलन आले आहे की दोघांएवढे, हे त्यांनी वेगळे करून दाखवले. २०२० मध्ये त्याच मंडळींनी एकेक मॅग्नॉन एकाच मापनात पकडला. आधी क्युबिट आणि मॅग्नॉन एकमेकांत गुंतवायचे, मग क्युबिट वाचायचा. १०० पैकी ७१ वेळा हा शोधक बरोबर ठरत होता. आणि २०२३ मध्ये चीनमधल्या झेजियांग विद्यापीठाच्या गटाने एका मिलिमीटरच्या गोळीत ‘मॅग्नॉन आहे’ आणि ‘मॅग्नॉन नाही’ या दोन्हींची एकत्र अवस्था क्युबिटच्या साहाय्याने हवी तशी घडवली.

हे सगळे वाचताना उत्साह वाटतो, पण एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मॅग्नॉन हा स्वतः क्युबिट नाही आणि गोळ्यांपासून संगणक होणार नाही. कारण गोळीच्या ऊर्जापातळ्या समान अंतरावर असतात. शून्यातून एकावर न्यायला जी वारंवारता लागते तीच एकातून दोनावर, दोनातून तीनावर नेते. एका मॅग्नॉनपाशी थांबायचे म्हटले तरी संकेत पुढे ढकलतच राहतो. क्युबिटमध्ये जोसेफसन संधी असते. तिच्यामुळे पातळ्यांतली अंतरे असमान होतात आणि फक्त पहिल्या दोनच पातळ्या वेगळ्या काढून वापरता येतात. चुंबकात ही असमानता इतकी क्षीण असते की एकट्या मॅग्नॉनच्या पातळीवर तिचा उपयोग होत नाही. म्हणून प्रत्येक यशस्वी प्रयोगात चुंबकाला क्युबिटचा आधार घ्यावा लागला.

माझ्या मते चुंबकाचे खरे काम मध्यस्थाचे आहे. तो मायक्रोवेव्हशी बोलतो, स्फटिकाच्या कंपनांशी बोलतो, प्रकाशाशी बोलतो. तो एकेरी आहे. त्याचा सूर बाहेरून बदलता येतो. एवढे गुण एका ठिकाणी असलेला दुसरा पदार्थ मला ठाऊक नाही. आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या यी ली, व्हॅलेंटाइन नोव्होसाद आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये याच दिशेने एक नेटका प्रयोग केला. सिलिकनच्या चिपमध्ये खळगे कोरून त्यांत पाव मिलिमीटर व्यासाच्या यिगच्या दोन गोळ्या बसवल्या. त्यांच्यामध्ये १२ मिलिमीटर अंतर, आणि जोडायला अतिसंवाहक मंडलाची पट्टी. दोन्ही गोळ्या त्या पट्टीतून एकमेकींशी मॅग्नॉनची देवघेव करू लागल्या. तांब्याची पेटी गेली, चिप आली. दोन दूरचे चुंबक एकमेकांशी संबंध ठेवू शकतात हे चिपवर दिसले, म्हणजे पुढे त्यांची साखळीही बांधता येईल.

प्रकाशाच्या वाटेवर मात्र प्रगती मंद आहे. दूर अंतरावरचे क्वांटम संगणक जोडायचे तर माहिती प्रकाशतंतूतून न्यावी लागेल, आणि मायक्रोवेव्ह फोटॉनचे प्रकाशीय फोटॉनमध्ये रूपांतर करणारे काहीतरी लागेल. यिग अवरक्त प्रकाशाला पारदर्शक आहे, त्यामुळे तो या कामाला योग्य वाटतो. २०१६ मध्ये टोकियोच्याच गटाने असे रूपांतर करून दाखवले. पण कार्यक्षमता एक अब्जांशाहूनही कमी भरली. मायक्रोवेव्हची तरंगलांबी सेंटिमीटरांत आणि प्रकाशाची मायक्रोमीटरांत. दोघांना एकाच गोळीत एकाच जागी दाटून बसवणे कठीण. इथे मला तरी चुंबकाहून यांत्रिक कंपकांचे पारडे जड वाटते.

या संशोधनातून एक अनपेक्षित उपयोग पुढे आला आहे. विश्वातल्या अदृश्य द्रव्याचा एक संभाव्य घटक म्हणून ॲक्सिऑन नावाच्या कणाची कल्पना मांडली जाते. असे कण असतील तर त्यांचा इलेक्ट्रॉनच्या स्पिनावर अतिशय क्षीण, दोलायमान चुंबकीय क्षेत्रासारखा परिणाम व्हायला हवा. इटलीतल्या लेन्यारो प्रयोगशाळेत ‘क्वॅक्स’ नावाचा प्रयोग यिगच्या गोळ्यांची रांग घेऊन हेच शोधतो. गोळीत एखादा मॅग्नॉन आपोआप उमटला का? उत्तर अजून मिळालेले नाही, पण एकेक मॅग्नॉन मोजण्याची विद्या तिथे किती कामाची आहे हे उघड आहे.

भारतातही या प्रश्नांना आता आश्रय आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ६००३.६५ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले आणि त्याची चार केंद्रे ठरली. गणना बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, संप्रेषण आयआयटी मद्रासमध्ये, संवेदन आणि मापन आयआयटी मुंबईत, पदार्थ आणि उपकरणे आयआयटी दिल्लीत. पवईच्या केंद्रात हिऱ्यातल्या नायट्रोजन-रिक्ती केंद्रांवर काम चालते. असे एक केंद्र म्हणजे कार्बनच्या जाळीत एका अणूच्या जागी नायट्रोजन आणि त्याला लागून एक रिकामी जागा. तिथला स्पिन अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्रे टिपतो, तेही खोलीच्या तापमानाला. जगात अन्यत्र याच हिऱ्यांनी यिगच्या पापुद्र्यातले स्पिन-तरंग प्रत्यक्ष पाहिले गेले आहेत. कुलाब्याच्या टाटा संस्थेत अतिसंवाहक क्युबिटांचा गट आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आणि छत्रपती संभाजीनगरच्या मराठवाडा विद्यापीठात फेराइटांवर कित्येक दशके काम झाले आहे. ते बहुतांशी भुकटी आणि सिरॅमिकच्या रूपातले, आणि क्वांटम प्रयोगांना लागतात एकसंध, अतिशुद्ध स्फटिक. पण फेराइटची नस ओळखणारी माणसे आणि क्युबिट बनवणारी माणसे एकाच राज्यात आहेत. या दोघांचे एकत्र काम व्हावे असे मला मनापासून वाटते, कारण या क्षेत्राची गाडी आज अडली आहे ती पदार्थापाशीच.

अडचण आयुष्याची आहे. उत्तम यिग गोळीतल्या एकाच लयीत डोलणाऱ्या मॅग्नॉनचे आयुष्य बहुतेक प्रयोगांत शंभर ते काहीशे नॅनोसेकंद भरते. आजचा चांगला क्युबिट शेकडो मायक्रोसेकंद टिकतो, म्हणजे हजारपट अधिक. चिपवर यायचे तर गोळी सोडून पातळ थर हवा, आणि तिथे परिस्थिती आणखी बिघडते. यिगचा उत्तम थर वाढतो तो गॅडोलिनियम गॅलियम गार्नेटच्या चकतीवर, कारण दोन्ही स्फटिकांच्या जाळ्या जवळजवळ तंतोतंत जुळतात. खोलीच्या तापमानाला ही जोडी आदर्श. पण गॅडोलिनियमचे अणू स्वतः जोरदार चुंबकीय असतात. तापमान उतरले की ते जागे होतात आणि वरच्या थरातले डोलणे शोषून घेतात. नेमके जिथे थंडी हवी तिथेच खालची चकती वैरी होते. काहीजण थर वाढवून झाल्यावर चकती घासून काढून टाकतात. काहीजण यिगच सोडून निकेल-लोहाच्या परमॅलॉयकडे वळतात. तो कोणत्याही चिपवर सहज बसतो, पण त्यातले डोलणे यिगच्या मानाने शेकडो पटींनी लवकर विझते. काहींनी व्हॅनेडियम आणि टेट्रासायनोएथिलीन यांपासून बनणाऱ्या चुंबकाची कास धरली आहे. १९९१ मध्ये सापडलेला हा कार्बनी कुळातला पदार्थ खोलीच्या तापमानालाही चुंबक असतो आणि त्यातला क्षय यिगच्या तोडीचा कमी असतो. कोणत्याही पृष्ठावर तो बाष्पातून बसवता येतो. मात्र हवा लागली की खराब होतो, म्हणून त्याला हवाबंद ठेवावे लागते.

गोळीतही क्षय कुठून येतो हे आता बरेच स्पष्ट झाले आहे. यट्रियम निसर्गात एकटे सापडत नाही. खनिजांत ते दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या सोबत येते, आणि त्यांचे रासायनिक गुण इतके सारखे की शेवटचे काही अंश वेगळे करणे अतिशय कष्टाचे. या घुसखोर अणूंचा कक्षीय संवेग शून्य नसतो. यिगने आपल्या निम्म्या भरलेल्या कवचाने जी वाट बंद केली होती तीच हे अणू पुन्हा उघडतात आणि मॅग्नॉनची ऊर्जा स्फटिकाच्या कंपनांत वाहून जाते. २०२५ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाच्या आंद्रिय चुमाक यांच्या गटाने वेगवेगळ्या शुद्धतेच्या यिग गोळ्या ३० मिलिकेल्विनला तपासल्या. मापनासाठी त्यांनी आखूड तरंगलांबीचे मॅग्नॉन निवडले, कारण पृष्ठभागावरच्या दोषांचा त्यांना त्रास कमी होतो. सर्वांत शुद्ध गोळीत त्यांचे आयुष्य १८ मायक्रोसेकंदांपर्यंत पोचले, आणि गोळी जितकी अशुद्ध तितके ते कमी भरले.